वन्यजीव पशुवैद्यक व्हायचंय: वाट कशी, काम काय, पोट भरतं का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. मुलीसाठी विचारतेय. ती बारावीला आहे, जीवशास्त्र घेतलंय. 'एमबीबीएस नको, मी वाघ-बिबट्यांची डॉक्टर होणार' हे आठवीपासून चाललंय. वाटलं होतं वय आहे, विसरेल. विसरली नाही. गेल्या हंगामात गावाजवळ उसात बिबट्याची पिल्लं सापडली, तेव्हा वनखात्याच्या माणसांमागे दिवसभर हिंडली.

आता नीटचा अर्ज भरायची वेळ आली. आमच्या घरात या वाटेला कुणी गेलेलं नाही. गोठ्यात म्हशी आहेत, त्यामुळे ढोरांचे डॉक्टर माहीत आहेत. जंगलातल्या जनावरांचे डॉक्टर नोकरी कुठे करतात, शिकतात कुठे, पगार वेळेवर मिळतो का, मुलीला झेपेल का, यातलं काहीच ठाऊक नाही. कुणी या कामात असेल तर मोकळेपणाने लिहा. वाईट असेल तरी चालेल, पण खरं सांगा.

सेमिनरी_हिल्स

ताई, मी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप करतोय. प्रवेशाचं तेवढं सांगतो, पुढचं जाणकार सांगतील.

पदवीचं नाव बीव्हीएससी अँड एएच. साडेपाच वर्षं, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश नीटच्या गुणांवर. राज्यातली सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत: नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ वगैरे. तुम्हाला शिरवळ जवळ पडेल. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्याचं समुपदेशन वेगळं असतं, त्याच्या तारखांवर लक्ष ठेवा. पदवीत 'वन्यजीव' अशी वेगळी शाखा नाही. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा, घोडा सगळं शिकावं लागतं, वन्यप्राण्यांचा भाग त्यात थोडासाच येतो. खरं विशेषीकरण एमव्हीएससीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणात. बरेलीजवळ इज्जतनगरला भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत वन्यजीवांचं केंद्र आहे. (ही संस्था मुळात १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली होती, नंतर मुक्तेश्वरला गेली.) आमच्याकडे नागपुरात गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

मला सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरवर, म्हणजे जखमी वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रावर, काम करायला मिळालं. जानेवारीत तिथे मांजाने कापलेले पक्षी येतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी घारी, घुबडं, बगळे येतातच. पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा जो पडदा असतो तो फाटला की पक्षी जगतो पण उडत नाही. बारीक सुईने थर जुळवून शिवायचं, मग कित्येक आठवडे पंख बांधणं, सोडणं, व्यायाम. वाघाची स्वप्नं बघणाऱ्यांनी आधी हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

पांदण

कोयनाकाठ, मी पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पशुसंवर्धन खात्यातली सरकारी पशुवैद्यक. मधली काही वर्षं प्रतिनियुक्तीवर वनखात्यात, विदर्भात काढली, आता परत मूळ खात्यात आहे. लांबलचक लिहितेय, कारण प्रश्न थोडक्यात उरकण्यासारखा नाही.

लोकांना डार्ट गन दिसते. बेशुद्ध करणं हा नोकरीचा लहानसा भाग आहे आणि तो डॉक्टरच्या मर्जीने होत नाही. वाघ, बिबट पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. आदेश येईपर्यंत हजारभर माणूस जमलेलं असतं, कुणी दगड मारतोय, कुणी मोबाइल घेऊन कौलांवर चढलाय.

बिबट्याला सहसा झायलाझिन आणि केटामाइन ही गुंगीची औषधं एकत्र देतात. वजन नजरेने ठरवायचं. डार्ट बसला की जनावर जागच्या जागी कोसळतं हे सिनेमातलं. दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात गलका झाला तर औषध नीट चढतच नाही. आडवं झालं की पहिलं काम डोळ्यांचं. केटामाइनखाली पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं, धूळ जाते. म्हणून मलम घालायचं आणि वर फडकं बांधायचं. मग जीभ बाहेर ओढून श्वास मोजायचा, गुदद्वारात थर्मामीटर. चंद्रपूरच्या उन्हात अंग इतकं तापतं की जनावर हातचं जातं, त्यामुळे पाण्याचे कॅन आधीच भरून घ्यायचे. झायलाझिनला उतारा आहे, केटामाइनला नाही. घाबरून लवकर उतारा दिला तर नुसतं केटामाइन अंगात उरतं आणि जनावर आचके देत उठायला बघतं. केव्हा द्यायचा, हे थांबून बघण्याचं काम शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

विहिरीत पडलेल्या बिबट्याला डार्ट मारायचा नाही. गुंगीत तो बुडतो. आधी दोराने बाज सोडायची. तो चढून बसतो, दम खातो, मग पिंजरा खाली सोडायचा. डॉक्टर काठावर नुसता उभा आहे असं लोकांना वाटतं. खरं तर तो दात, पंजे, श्वास, अंगातलं थरथरणं सगळं वाचत असतो.

हरणांचं आणखी अवघड. चितळ, काळवीट पाठलागाने मरतात. स्नायू फाटतात, त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात जाऊन बसतं, आणि वरून धडधाकट दिसणारं जनावर दोन-तीन दिवसांनी जातं. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला होता, तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. गर्दी मागे लागली, तो सैरावैरा पळत राहिला, पकडल्यावर गेला. त्या अवस्थेत पोहोचलेल्या जनावरासाठी डॉक्टरच्या पेटीत फार काही नसतं. आधी गर्दी हटवावी लागते, आणि ते पोलिसांचं काम आहे.

आता ज्यात माझा जास्त वेळ गेला ते सांगते: शवविच्छेदन. शेताच्या कडेला वाघ मेलेला सापडतो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धती ठरलेली आहे, प्रतिनिधी हजर लागतो, चित्रीकरण करावं लागतं. सुरी लावण्याआधी मोजणी: चार सुळे, अठरा नखं (पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार), मिशा. एक जरी कमी असेल तर प्रकरण शिकारीकडे वळतं. मग ओठ आणि पंज्याचे तळवे बारकाईने बघायचे. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेत प्रवाह सोडलेला असला तर भाजल्याची खूण बहुतेक तिथेच मिळते. पोटात वासराचं मांस आणि त्याला थिमेट या कीटकनाशकासारखा उग्र वास आला, तर ज्याचं वासरू वाघाने मारलं त्याने उरलेल्यावर विष टाकल्याची शक्यता. आतडी, यकृत, मूत्रपिंडाचे नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेत. शेवटी सगळ्यांसमोर दहन. कधी कधी खूप नंतर कोर्टात साक्षीला बोलावणं येतं आणि वकील विचारतो, 'मॅडम, खूण विजेचीच कशावरून?' तेव्हा त्या दिवशी लिहिलेला अहवालच हाताशी असतो.

नोकरीचं. वनखात्यात कायमस्वरूपी पशुवैद्यक पदं फार थोडी. बहुतेक जण माझ्यासारखे पशुसंवर्धनमधून प्रतिनियुक्तीवर येतात किंवा कंत्राटावर असतात. माझी कंत्राटावरची एक सहकारी मैत्रीण पगार रखडला म्हणून उसनवारीवर राहिली, शेवटी कुत्र्या-मांजरांचा खासगी दवाखाना काढला. हुशार मुलगी होती, आजही हळहळ वाटते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी व्हा, मग प्रतिनियुक्ती मागा. प्राणिसंग्रहालयं हा दुसरा रस्ता. तिसरा, बचाव केंद्रं चालवणाऱ्या संस्था. चौथा, संशोधन.

मुलीला झेपेल का? झेपतं. ताकद जनावर उचलायला लागते, त्याला वनरक्षक, वनमजूर असतात. त्रास रात्री-अपरात्री गाडीतून जाण्याचा, आडरानात शौचालय नसण्याचा आणि 'बाई डार्ट मारणार?' असं तोंडावर विचारणाऱ्यांचा. शेवटचा त्रास एखाद्या कामानंतर संपतो. पहिले दोन संपत नाहीत.

ओतूरकर

आमचा भाग जुन्नरचा. माणिकडोहचं बिबट निवारण केंद्र आमच्यापासून जवळ. ऊसतोडीत पिल्लं सापडली की आधी कामगार पळतात, मग फोन. डॉक्टर येतात, पिल्लांच्या गोचिड्या काढतात, पाणी पाजतात, तपासतात, आणि संध्याकाळी त्याच फडाच्या कडेला पेटीत ठेवतात. कॅमेरा लावतात. मादी रात्री येऊन तोंडात धरून नेते. मी स्वतः त्या कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलंय. आधी लोक म्हणायचे, पिल्लं घेऊन जा, इथे सोडू नका. आता बऱ्याच जणांना पटलंय की पिल्लं नेली तर मादी चवताळून आसपासच फिरते.

पण डॉक्टर, खरं बोलतो. माझ्या चुलत्यांची शेळी गेली, वस्तीवर लेकरं अंगणात झोपत नाहीत. पिंजरा लावा म्हटलं की आदेश नाही म्हणतात. पकडला की लांब का सोडत नाहीत?

सातमाळा

ओतूरकर, लांब सोडून झालेलं आहे, तुमच्याच भागात. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नरवर आणि नंतर नगरकडच्या अकोले तालुक्यात वर्षानुवर्षं काम केलं. पकडून दुसऱ्या जंगलात सोडलेले बिबटे तिथे हल्ले वाढवतात आणि रिकाम्या जागेत नवा बिबट येतो, हे त्यातून पुढे आलं. उसातला बिबट हा जंगलातून वाट चुकलेला पाहुणा नाही, तो तिथेच जन्मलेला असतो.

मी पर्यावरणशास्त्राकडून या विषयात आलो, म्हणून मूळ प्रश्नावरही थोडं खटकणारं लिहितो. एक बिबट विहिरीतून काढला, एका घुबडाचा पंख शिवला, याला मी संवर्धन म्हणणार नाही. ती करुणा आहे, आणि करुणा मोठी गोष्ट आहे. पण प्रजाती टिकते अधिवासाने, खाद्याने, जमिनीच्या वापराने. एका बंदिस्त बिबट्यावर आयुष्यभर जो खर्च होतो त्यात किती कुरण राखता येईल? ताईंच्या मुलीला संवर्धन करायचं असेल तर डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्थेत एमएससी करावी. डॉक्टर होऊन ती उपचार करत राहील.

पांदण

सातमाळा, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. अर्ध्यावर ठाम मतभेद, आणि त्यासाठी गिधाडांचं उदाहरण देते.

नव्वदच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव पक्षी अभयारण्यात पक्षी अभ्यासक विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की गिधाडं माना टाकून बसतात आणि मरून पडतात. पुढे पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. अधिवास होता तिथेच होता. खाद्य मुबलक. तुमच्या शास्त्राच्या नेहमीच्या कारणांपैकी एकही लागू पडेना. सगळ्यांना वाटत होतं विषाणू असणार. उत्तर मिळालं शवविच्छेदनाच्या टेबलावर. लिंडसे ओक्स हे अमेरिकन पशुवैद्यक पाकिस्तानातली मेलेली गिधाडं तपासत होते. आतल्या अवयवांवर खडूची पूड पसरावी तसा युरिक ॲसिडचा पांढरा थर, मूत्रपिंडं निकामी. विषाणू सापडला नाही, कीटकनाशक सापडलं नाही. मग त्यांनी विचार केला तो माझ्यासारख्या ढोरांच्या डॉक्टरच्या डोक्याने: ही गिधाडं जी गुरं खातात त्यांना मरण्याआधी कुठलं औषध टोचलं जातं? डायक्लोफिनॅक, हे वेदनाशामक. २००४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. शंभरात एकापेक्षाही कमी मृत गुरांच्या अंगात ते औषध असलं तरी एवढी घट होऊ शकते, हे गणिताने दाखवलं गेलं.

२००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली आणि मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचं तपासून दाखवलं गेलं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही वेदनाशामकंही जनावरांसाठी बंद झाली. हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडं २०२४ मध्ये आपल्याकडे ताडोबा आणि पेंचमध्ये आणली. अशी गिधाडं बाहेर टिकतात की नाही, हे त्या परिसरातल्या गोठ्यांत कुठली सुई टोचली जाते यावरही ठरतं. आडगावी म्हैस अडली असताना रात्री मेलॉक्सिकॅम काढून देणारा डॉक्टर संवर्धन करत नाही, असं मी कधीच म्हणणार नाही.

दुसरं. गीरमध्ये सप्टेंबर २०१८ मध्ये दलखानिया परिसरात तीन आठवड्यांत २३ सिंह गेले. त्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू निघाला, जोडीला गोचिडीतून येणारा बबेसिया हा परजीवी. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत याच विषाणूने सुमारे हजार सिंह, म्हणजे एक तृतीयांश, संपवले होते, आणि तिथे तो भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांतून आला. आपले व्याघ्रप्रकल्प गावांनी आणि मोकाट कुत्र्यांनी वेढलेले आहेत. वाघाला लस टोचत फिरणं शक्य नाही. गावातल्या कुत्र्यांना टोचता येते. ते काम अत्यंत कंटाळवाणं आहे: ऊन, चावे, कुत्र्यामागे धावणारी पोरं, सह्या घ्यायचे कागद. माझ्या मते त्याच्याइतकं मोलाचं काम या क्षेत्रात क्वचितच असेल.

गोरेवाड्याचं तर ताजं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट दगावले, भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू सांगितला. कोंबड्यांचा आजार वाघापर्यंत पोहोचला. जिला कोंबडी कळत नाही, तिला हे आधी सुचणारच नाही.

बंदिस्त बिबट्यांच्या खर्चाबद्दल तुम्ही म्हणता ते मलाही बोचतं. पकडलेलं जनावर परत सोडता येतं की नाही, याचा निर्णय पहिल्या चोवीस तासांत निर्भीडपणे व्हायला हवा. तो होत नाही, कारण आजूबाजूची माणसं संतापलेली असतात आणि सही कुणालाच करायची नसते. यावर तुम्ही लिहा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

सातमाळा

गिधाडांचा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. कुरणांचा मी सोडत नाही. :)

तिलारी

आमच्याकडली एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ मध्ये माकडताप आला. काजूच्या बागांत, रानात जाणारी माणसं आजारी पडली, काही गेली. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात हा रोग पहिल्यांदा सापडला, तिथून त्याचं नाव. गोचिडीतून पसरतो. माणसाआधी वानर आणि माकडं मरतात. त्यामुळे रानात मेलेलं माकड दिसलं की कळवायचं, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे.

ते मेलेलं माकड तपासायला कोण जातं? पशुवैद्यक. अंगभर प्लास्टिकचा पोशाख, मे महिन्यातली दमट हवा, दोन-दोन हातमोजे. नमुना घेऊन माकड जाळायचं, भोवतालच्या जागेवर औषध मारायचं. आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांना मी त्या पोशाखातून बाहेर येताना पाहिलंय, बुटातून घाम ओतून काढत होते. त्या एका नमुन्यावर ठरतं की आरोग्य खात्याने कुठल्या वाडीत अंगाला लावायचं तेल पोहोचवायचं. हेही वन्यजीव वैद्यक आहे, आणि आमची माणसं त्यामुळे वाचली.

सेमिनरी_हिल्स

तिलारी, प्रतिसाद फार आवडला. माणूस, पाळीव जनावर आणि वन्यप्राणी यांच्या आजारांचा एकत्र विचार करणारी 'वन हेल्थ' संस्था नागपुरात होतेय, डिसेंबर २०२२ मध्ये पायाभरणी झाली. आमच्या वर्गातले काही जण तिच्याकडे डोळे लावून आहेत.

केंटकर

परदेशाबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. मी मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजचा, आता इंग्लंडमध्ये. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजचा आणि तिथल्या झूऑलॉजिकल सोसायटीचा मिळून वन्यप्राणी आरोग्यावर एका वर्षाचा एमएससी आहे. शिक्षण उत्तम. फी जबर, शिष्यवृत्तीशिवाय धाडस करू नये. आणि तो केला म्हणून इथे डॉक्टरकी करता येत नाही, भारतीय पदवीवाल्यांना त्यासाठी इथल्या नियामक संस्थेची वेगळी परीक्षा द्यावी लागते. मी ती दिली आणि कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात काम करतो, सुट्टीच्या दिवशी साळिंदरासारखे दिसणारे इथले हेजहॉग बघतो. ज्यांना वाघ-बिबट्यांचं काम करायचंय त्यांनी भारतातच हात बसवावा. तिथे एका वर्षात जेवढं बघायला मिळतं तेवढं इथे मिळणार नाही.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला सगळा धागा वाचायला दिला. शवविच्छेदनाचा भाग तिने दोनदा वाचला आणि विचारलं, 'विजेची खूण कशी दिसते?' तिच्या बाबांना मात्र पगाराचा भाग वाचून घोर लागलाय. पांदण ताई, निकाल लागेपर्यंत तिने काय करावं?

पांदण

त्वचेवर कडक, राखाडी खळगा पडतो, कडा उचललेल्या. केस जळून आखडलेले असतात. तिला सांगा, जिवंतपणी लागलेला आणि मेल्यावर लागलेला चटका वेगळा ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतो, नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं नाही.

बाबांना म्हणावं, घोर रास्त आहे. पण पदवीनंतर पशुवैद्यकाला हाताला काम नाही असं खेड्यात सहसा होत नाही. वन्यजीवांचं दार उशिरा उघडलं तरी तोवर ती उपाशी राहणार नाही.

आत्ता करण्यासारखं: तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारा, लाळ-खुरकूत लसीकरणाच्या फेरीत तिला सोबत येऊ देतील का. बहुतेक हो म्हणतात, कारण नोंदी लिहायला माणूस हवाच असतो. जनावर धरायला, कानातला बिल्ला वाचायला, मालकाशी बोलायला शिकेल. मालकाशी बोलणं वाटतं त्याहून अवघड आहे. कुणाचं जनावर दगावलं आणि डॉक्टर शवविच्छेदन करणार असतील तर परवानगीने लांबून बघू द्या. तिथे चक्कर आली तर हरकत नाही, पुष्कळांना येते. दुसऱ्यांदाही जावंसं वाटतंय का एवढं बघा.

आणि कुत्र्यांच्या जवळ जाण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. चावल्यानंतरची नव्हे, आधीची: पहिली सुई, त्यानंतर सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती बहुधा चावलेल्यांसाठीच राखून ठेवतात, त्यामुळे खासगीत विकत घ्यावी लागेल. कॉलेजमध्ये देतील म्हणून थांबू नका.